डाव्या कानातली चौथी नस

मुलुंड (पूर्व)
७ एप्रिल २०२४

ती. सौ. ताईस,
विदूचा शि. सा. न.

पाकीट बघूनच तुला विषय कळला असणार. आपल्यात पत्र म्हणजे कानाचा विषय, हे आता पोस्टालाही माहीत असावं. नियम तुझाच आहे. फोनवर कान निघाला की तू रडतेस, तू रडलीस की मी ओरडतो, आणि मी ओरडलो की खालच्या मजल्यावरचे लोक विमलाला विचारतात, सगळं ठीक ना. तेव्हा रविवारी फोनवर भाज्या आणि गुडघे, आणि कान कागदावर.

घाबरू नकोस, उजवा शाबूत आहे. विषय डाव्याचाच, म्हणजे जो गेलेला आहे त्याचा. पवईच्या संस्थेतली काही हुशार मंडळी एक अभ्यास करतायत. एकाच कानानं ऐकणारी चाळीस माणसं त्यांना हवी आहेत. भांडुपच्या एका केंद्रात डोक्याचा एमआरआय काढायचा आणि कानापासून मेंदूकडे जाणारी ऐकण्याची नस दोन्ही बाजूंना कशी दिसते ते बघायचं. मी टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं एका कानावर काढली, त्या कानाचा नाही तर निदान त्याच्या शेजाऱ्याचा शास्त्राला उपयोग होऊ दे, म्हणून मी नाव दिलं.

त्यांची डॉक्टर इरावती म्हणून आहे. वयानं तुझ्या अनयएवढीच वाटते. माझ्याशी बोलायला आली ती न सांगता उजव्या बाजूला उभी राहिली. अडतीस वर्षं संसार करून तुझ्या भावजयीला हे जमलेलं नाही. तिनं विचारलं, कधीपासून ऐकू येत नाही. मी सांगितलं, मे १९६६, घाटकोपरचं घर, दुपारचे साडेबारा, थोरल्या बहिणीची एक थप्पड. तिनं लिहिता लिहिता पेन थांबवलं. थपडेनं पडदा फाटतो आणि बहुतेक वेळा भरूनही येतो, पण कान असा पार बंद होणं तिला जरा वेगळं वाटलं. नस बघूया म्हणाली.

आता ती थप्पड तुझी, म्हणजे त्या कानावर थोडा हक्क तुझाही. तू नको म्हणालीस तर जाणार नाही. भाऊजींना नमस्कार, अनयला आशीर्वाद.

जसा लोभ ठेवत आलीस तसाच ठेव.
तुझा,
विदू

*

बोरिवली (पश्चिम)
१३ एप्रिल २०२४

चि. विदूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मुलुंडहून बोरिवलीला यायला त्याला पाच दिवस लागले. चालत आला असतास तर आधी पोचला असतास आणि पोटही कमी झालं असतं.

एका परक्या मुलीला तारीख-वेळेसकट सांगितलंस ना? बरं केलंस. मग उरलेलंही मीच सांगते, कारण तू ही गोष्ट सांगताना नेहमी मधला भाग गाळतोस. आईनं पानं घेतली होती. तू मागच्या गॅलरीत मुंग्यांची रांग बघत बसला होतास. मी दारातून तीन हाका मारल्या. तू मान वळवली नाहीस. जवळ येऊन विचारलं, तर माझ्या तोंडावर म्हणालास की मी हाक मारलीच नाही. एवढं धडधडीत खोटं ऐकून मी एक ठेवून दिली. संध्याकाळी आई तुझ्या डाव्या कानाशी काहीतरी बोलली आणि तुला पत्ताच नाही. डॉक्टरांनी विचारलं, मार लागला होता का, तेव्हा आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. ती नजर अजून उतरलेली नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. तुझा कान बरा होईपर्यंत फणस खाणार नाही असं मी देवापुढे बोलले, आणि अठ्ठावन्न वर्षं दर मे महिन्यात माझ्या वाट्याचे गरे तू माझ्यासमोर बसून खाल्लेस. तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं, एका पोराला बोट लावलं नाही. लोक म्हणायचे बाई फार मायाळू. मी मायाळू नव्हते रे, घाबरलेली होते.

तेव्हा जा. माझी परवानगी काय मागतोस? पण एक कर. माझं वय बहात्तर झालं. नस माझ्या हातानं तुटली असेल तर तसं सरळ लिही. मला धीर द्यायला काही गोड रचून लिहू नकोस. संशय बरोबर घेऊन मला जायचं नाही. तुझ्या गळ्याची शपथ आहे.

लसणाच्या तेलाची बाटली अनयबरोबर पाठवतेय. यंत्रात जाण्यापूर्वी दोन थेंब घाल.

विमलाला आशीर्वाद. तुझ्यावर लोभ आहे, त्याची काळजी तू करू नकोस.
ताई

*

मुलुंड (पूर्व)
२८ एप्रिल २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

यंत्रातून सुखरूप बाहेर आलो.

आधी तेलाबद्दल. इरावतीनं दुर्बीण लावून कान तपासला, दुर्बीण पुसून पुन्हा लावली. मग विचारलं, काका, घरी कोणी फोडणी घालतं का यात? अर्धा तास साफसफाई झाली. तुझी अठ्ठावन्न वर्षांची सेवा एका वाटीत बाहेर आली, वासासकट. यापुढे तेल घालायचं नाही असं तिनं बजावलंय, आणि हे मी तुला कळवावं असंही.

मग सुबोध नावाच्या मुलानं अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावलं. घड्याळ, अंगठी, जानव्याला बांधलेली कपाटाची किल्ली, आणि शेवटी पुढचा दात. तो तारेवर बसवलेला आहे हे मी विसरलोच होतो. दात नसताना मी काही बोललो की सुबोध खाली बघायचा. यंत्राचा आवाज मोठा असतो म्हणून तो दोन्ही कानांत बोळे घालायला आला. मी म्हटलं, डाव्यात कशाला वाया घालवतोस. तो म्हणाला नियम आहे. चाळीस बहिऱ्यांसाठी ऐंशी बोळे आणणारं खातं मी पहिल्यांदाच बघितलं. आमच्या टेलिफोनवाल्यांनीसुद्धा एवढं केलं नसतं.

आत गेल्यावर खालच्या मजल्यावर कोणी लादी फोडतंय असा आवाज. लोक म्हणे घाबरून घंटी दाबतात. मी झोपलो. आणि झोपलो म्हणजे घोरलो, घोरलो म्हणजे डोकं हललं, आणि नस केसाएवढी बारीक असल्यामुळे चित्र पुसट आलं. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी सुबोध दर दोन मिनिटांनी आतल्या भोंग्यातून मला हाक मारून जागं ठेवत होता. ही हाक मात्र मला प्रत्येक वेळी ऐकू आली.

निकालाला दोन आठवडे लागतील. तुझी शपथ लक्षात आहे. विमलाचे नमस्कार.

आहे तेवढा लोभ असू दे, वाढवलास तर हरकत नाही.
विदू

*

बोरिवली (पश्चिम)
१४ मे २०२४

चि. विदूस,
अनेक आशीर्वाद.

दोन आठवडे होऊन गेले. रविवारी फोनवर तू वीस मिनिटं पडवळावर बोललास. पडवळाबद्दल तुला एवढं प्रेम कधीपासून? नियम मीच केलाय म्हणून मी काही विचारलं नाही, पण माझा जीव टांगणीला लागलाय.

गावाहून धाकूनं फणस पाठवला. बरका आहे. तुमच्याकडे पाठवून दिलाय. तू खा, विमलाला दे, आणि निकाल कळव. वाईट असेल तर आधी कळव.

लोभ आहेच, धीर मात्र संपत आलाय.
ताई

*

मुलुंड (पूर्व)
२० मे २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

फणस उत्तम निघाला. गेल्या वर्षीपेक्षा गरे मोठे होते. विमलानं आठळ्यांची भाजी केली. इकडे उकाडा भयंकर आहे. आमच्या इमारतीची लिफ्ट दोन दिवस बंद होती. खालच्या कुलकर्ण्यांची अपूर्वा परीक्षेत उत्तम पास झाली. पडवळ अजून मिळतंय.

निकालाचं म्हणशील तर त्यांच्याकडे काम फार असतं. चाळीस माणसं म्हणजे ऐंशी कान. कळेल तेव्हा कळवीनच.

लोभ असावा ही नेहमीपेक्षा जरा जास्त विनंती.
विदू

*

मुलुंड (पूर्व)
२२ मे २०२४

ती. सौ. ताईंना,
विमलाचा शि. सा. न.

मी कधी तुम्हा बहीण-भावाच्या पत्रांत पडत नाही. आज पडतेय. ह्यांचं परवाचं पत्र टाकायला मीच गेले होते, आणि पाकीट चिकटवण्यापूर्वी वाचलं. लिफ्ट आणि पडवळ. मला संताप आला.

ताई, निकाल नऊ मेला आलाय. तेरा दिवस तो कपाटात ह्यांच्या लोकरी स्वेटराखाली आहे. तुम्ही विणलेल्या.

मी बरोबर होते, म्हणून नीट सांगते. इरावतीनं आम्हाला संगणकावर चित्रं दाखवली. कानाच्या आत हाडात एक बारीक बोळ असतो आणि त्यातून चार नसा मेंदूकडे जातात. आडवा छेद घेतला की भेंडी कापल्यावर दाणे दिसतात तसे चार ठिपके दिसतात. ह्यांच्या उजव्या बाजूला चार आहेत. डाव्या बाजूला तीन. तोल सांभाळणाऱ्या दोन आहेत, चेहऱ्याची आहे, ऐकण्याची नाही. तुटलेली नाही, वाळलेली नाही, झालीच नाही. बोळसुद्धा उजव्यापेक्षा अरुंद आहे, कारण त्यातून जायला नसच नव्हती. हे सगळं आईच्या पोटात असतानाच ठरलेलं.

मी तिला तीन वेळा विचारलं, थपडेनं असं होतं का. तिसऱ्या वेळीही ती चिडली नाही. म्हणाली, काकू, जगातली कुठलीही थप्पड हाडातला बोळ अरुंद करू शकत नाही. ह्यांना जन्मापासून डाव्या कानानं कधीच ऐकू आलेलं नाही.

मला वाटलं, हे उड्या मारत तुम्हाला फोन करतील. ह्यांनी घरी येऊन कागद स्वेटराखाली सरकवला. दोन दिवसांनी मी खोदून विचारलं तेव्हा जे म्हणाले ते तसंच लिहिते. म्हणाले, ताईनं माझे मॅट्रिकपर्यंतचे नकाशे काढून दिले, गरे दिले, स्वेटर विणले, माझ्या प्रत्येक आजारपणात बोरिवलीहून डबा आणला. ते सगळं त्या थपडेपायी. उद्या थप्पडच काढून घेतली तर ताईजवळ माझ्यासाठी काय उरेल?

पासष्ट वर्षांचा माणूस हो. मी म्हटलं, तुम्हाला अक्कल नाही. पण मला वाईटही वाटलं. तुम्ही शपथ घातली होती ती ह्यांनी मोडली आहे, तेव्हा काय बोलायचं ते बोला. फक्त मुंबईतल्या उकाड्यात स्वेटर विणणं आता थांबवा ही माझी स्वतंत्र विनंती.

तुमचा लोभ आम्हा दोघांवर सारखा वाटून असावा.
विमला

*

बोरिवली (पश्चिम)
२९ मे २०२४

श्री. विद्याधर यांस,
आशीर्वाद शेवटी देईन, जमले तर.

तेरा दिवस. तुझ्या गळ्याची शपथ घालूनही तेरा दिवस. तुझ्या गळ्याला काही झालं नाही यावरून शपथांचा काय उपयोग असतो ते कळलं. मी तिकडे नस तुटलेली आहे असं धरून माझी माझी शिक्षा ठरवत होते. भगर खाऊन सोमवार सुरू केले होते. दोन सोमवार झाले. त्यांचा हिशेब तू देवाला दे.

मग फणसाचा प्रश्न आला. कान बरा होईपर्यंत खाणार नाही असं मी बोलले होते, आणि ज्या कानाला नसच नाही तो बरा कसा होणार? तुझे भाऊजी म्हणाले, अशा नवसाला अर्थ नाही, खाऊन टाक. मी म्हटलं, देवाला हे १९६६ सालीच माहीत होतं, तरी त्यानं मला थांबवलं नाही, तेव्हा यापुढचं त्याचं त्यानं बघावं. बाजारातून अर्धा कापा फणस आणवला आणि बारा गरे खाल्ले. दोन दिवस पोट धरून आडवी आहे. चव मला आठवत होती तशी नव्हती, पण ते जाऊ दे.

आडवं पडल्यावर माणसाला दुसरं काही काम नसतं. मी तो दिवस पुन्हा डोळ्यांसमोर आणला. एवढी वर्षं त्यातली फक्त थप्पड बघत होते, या वेळी अलीकडचं बघितलं. मी दारात होते. तू गॅलरीत बसला होतास आणि तुझा डावा कान माझ्याकडे होता. उजवीकडे नळाला पाणी आलं होतं, बादली भरत होती. मी तीन हाका मारल्या. विदू, तुला त्यातली एकही पोचली नाही. पोचायला वाटच नव्हती. तू म्हणालास की मी हाक मारलीच नाही, आणि तुझ्या परीनं ते खरं होतं. सात वर्षांचं पोर खरं बोललं आणि मी त्याला खोटारडा म्हणून मारलं.

तुझा कान मी घालवला म्हणून अठ्ठावन्न वर्षं माफी मागितली. ती माझी चूकच नव्हती. जी होती तिची एकदाही मागितली नाही, कारण मला ती माहीतच नव्हती. आज मागते. तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, त्याबद्दल मला माफ कर.

आणि ऐक. नकाशे मी थपडेपायी काढले नाहीत. तू काढलेली गोदावरी अरबी समुद्राला मिळत होती, म्हणून काढले. डबेही थपडेपायी आणले नाहीत. काय उरेल म्हणून विचारतोस, मूर्खा.

अनेक आशीर्वाद. जमले.
ताई

*

मुलुंड (पूर्व)
५ जून २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. आणि एक साष्टांग.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी मला रडू आलं आणि विमला ओरडली. नियम आता उलटा लागू झालाय असं समज.

तू माफी मागितलीस. दिली. मी लपवून ठेवलं त्याची तू मला दे, आणि सोमवार बंद कर. पण तो दिवस तू अलीकडून बघितलास, तसा मी पलीकडून बघितलाय, तो तुला सांगायला हवा. तू तेव्हा मोठ्या शाळेत होतीस, तुला हे माहीत नसणार.

थपडेच्या आधी मला सगळेच मारत होते. दुसरीत मास्तरांची खुर्ची माझ्या डाव्या हाताला होती. ते नाव घ्यायचे, मी उठायचो नाही, आणि पट्टी बसायची. रोज. बाबा दिवसाआड. आई चिमटे काढायची. घरीदारी माझं एकच नाव होतं, मुजोर. आपण ऐकत नाही असं सगळेच म्हणतात, म्हणजे आपल्याला ऐकू येत असणार आणि आपणच लबाडी करत असणार, असं मलाही वाटायला लागलं होतं. मी नुसता मार खात होतो, ताई. का ते मला माहीत नव्हतं.

मग तू मारलीस. तू कधी मारायची नाहीस, म्हणून मी भोकाड पसरलं. कान लाल झाला म्हणून आई घाबरली. घाबरली म्हणून तिनं त्या कानाशी बोलून बघितलं. म्हणून डॉक्टर. कारण त्यांनी चुकीचं काढलं, पण कान बंद आहे हे खरं निघालं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाबा स्वतः मास्तरांना भेटले. मला डाव्या भिंतीशी पहिल्या बाकावर बसवलं, उजवा कान मास्तरांकडे. त्या दिवसापासून आजपर्यंत ऐकत नाही म्हणून मला कोणीही हात लावलेला नाही. इतक्यांनी मारलं, पण ज्या एका थपडेनंतर मार थांबला ती तुझी होती. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तुला सांगितलं असतं तर गरे बंद झाले असते, म्हणून सांगितलं नाही. एवढा लबाड मात्र मी आहे.

काल इरावतीचा एक कागद आला. सगळ्या चाळीस जणांना आलाय. त्यात विचारलंय, एका कानाला ऐकू येत नाही हे सगळ्यात आधी कोणामुळे कळलं? आई, वडील, शिक्षक, डॉक्टर, इतर, असे चौकोन दिलेत. मी इतरवर खूण केली आणि पुढच्या रेघेवर लिहिलं, थोरली बहीण, वय चौदा. कसं कळलं ते लिहायला जागा नव्हती, म्हणून बरं झालं.

विमलाचे नमस्कार. तिनं स्वेटरांबद्दल तुला लिहिलंय असं कळलं. तिचं ऐकू नकोस, या वर्षी निळा वीण.

लोभाला आता काही कारण उरलेलं नाही. यापुढे विनाकारण असावा.
तुझा,
विदू